यादवीची पुस्तकं आणि आमची अर्धी विहीर

पहिलं पुस्तक मी घेतलं ते त्यातल्या एका फोटोसाठी.

मी सोलापुरात एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून आहे. दर उन्हाळ्यात जुने अर्ज, हजेरीपत्रकं, फाटक्या फायली रद्दीत घालायचं काम माझ्याकडे येतं. बारा वर्षांपूर्वी अशीच एका रद्दीच्या दुकानात टेम्पो रिकामा होईपर्यंत उभी होते. काट्याशेजारी इंग्रजी पुस्तकांचा ढीग होता. त्यातलं एक उघडं पडलं होतं. पानावर काळा-पांढरा फोटो. एका घराचं अंगण, मागे ताडाची झाडं, बुटक्या कठड्याची विहीर. कठड्याच्या अलीकडे एक जवान जमिनीवर पालथा पडलेला, तोंड विहिरीपासून दुसरीकडे वळवलेलं, एका हातात दोर. दोर कठड्यावरून आत गेलेला.

आमचा दादा पाणी शेंदायचा तो थेट असा.

सांगोला तालुक्यात आमची वस्ती आहे. तिथल्या आडावर दादा गेला की आधी आत एक खडा टाकायचा. कान देऊन ऐकायचा. मग पालथा पडून पोहरा सोडायचा, दोराला दोन-तीन हिसके द्यायचा, थोडं थांबायचा, आणि मग उठून इतरांसारखं पाणी ओढायचा. बायका हसायच्या. "फौजी निजला बगा आडावर," म्हणायच्या. आम्हालाही ती फौजेतली कवायत वाटायची. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आपली फौज लंकेला गेली तेव्हा तोही गेला होता. तिकडे त्या लोकांचं आपसातलं युद्ध चाललं होतं. परत आल्यावर तो त्याबद्दल काही बोलला नाही, आणि आमच्या घरात कुणाला विचारायची पद्धत नव्हती.

फोटोतल्या माणसाकडे मी बराच वेळ पाहिलं. रद्दीवाला म्हणाला, "मॅडम, घ्यायचं तर घ्या, वजनावर जाईल." घेतलं.

तिथून सुरुवात झाली. हा रद्दीवाला तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला. बापाचे माग विकले गेले तशी त्यानं जागा रद्दीला लावली. माणूस हुशार. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, "तुम्हाला कसली पुस्तकं पाहिजेत सांगून ठेवा, मी बाजूला काढतो." मी कार्यालयीन मराठीत सांगितलं, "यादवी युद्धाची. लष्करी इतिहास असला तरी चालेल."

पंधरा दिवसांनी फोन. "मॅडम, यादवांचं लई आलंय. पोतं भरलंय."

स्कूटी काढून गेले. पोत्यात देवगिरीच्या यादवांवरची तीन पुस्तकं, लहान मुलांसाठी कृष्णाच्या गोष्टी, आणि यादव समाजाची एक जाडजूड वधूवर सूची.

"ही सूची कशाला?"

"असंल की घरात कोणी लग्नाचं. म्हटलं, मॅडम यादवांचंच शोधताय."

मी त्याला समजावलं. यादवी म्हणजे एकाच घरातली लढाई, एकाच देशातले लोक एकमेकांवर उठतात ती.

"भावाभावांची मारामारी?"

"हो."

"मग तसं सांगा की. आमच्यात त्याला वाटणी म्हणतात."

कृष्णाच्या गोष्टींचं पुस्तक मी तेवढं घेतलं. यादवी हा शब्द ज्या गोष्टीतून आला ती सगळ्यांना माहीत असते. ऋषींच्या शापानं मुसळ जन्माला आलं. यादवांनी ते घासून त्याची पूड केली आणि समुद्रात फेकली. पूड लाटांबरोबर किनाऱ्याला लागली, तिचं गवत उगवलं, आणि पुढे कित्येक वर्षांनी तेच गवत उपटून त्यांनी एकमेकांना मारलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. पूड फेकल्यानंतर आणि गवत उगवेपर्यंत मधली जी वर्षं होती, त्या वर्षांत सगळे निर्धास्त होते.

हळूहळू कपाट भरलं. अमेरिकेची यादवी, स्पेनची, आफ्रिकेतल्या दोन-तीन देशांची. पण शोध असायचा तो लंकेचा. जुनं पुस्तक घेताना मी आधी नकाशे पाहते. सैन्यावरच्या पुस्तकातले नकाशे लोक ब्लेडनं कापून नेतात, का ते मला अजून कळलेलं नाही. मग बांधणी, मग कसर. घरी आणलं की दोन दिवस गच्चीवर उन्हात, मग डांबरगोळ्यांबरोबर पिशवीत, मग कपाटात. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे सोपं नाही. नवरा म्हणतो, "लोकांच्या बायका साड्या जमवतात. आमच्या घरात लढाया." पाहुणे आले की तो कपाटाचं दार लावून घेतो. मुलगी पाहायला आलेल्या लोकांनी एकदा ते उघडं पाहिलं होतं आणि मुलाच्या आईनं विचारलं होतं, "ह्यांच्याकडे कुणी वकील आहे का?"

माझं इंग्रजी कार्यालयापुरतं. शब्दकोश घेऊन बसायचं, रोज चार पानं. कुणाची बाजू बरोबर हे मी त्यात शोधत नव्हते. मी विहिरी शोधत होते.

आणि एक दिवस मराठीतच सापडल्या. एका बंद पडलेल्या वाचनालयाचं, 'रद्द' असा शिक्का मारलेलं लष्करी आठवणींचं पुस्तक होतं. पुठ्ठा निघालेलं, पहिली वीस पानं गेलेलं. त्यात दोनच ओळींत लिहिलं होतं की त्या भागात घरोघरी विहिरी असत आणि माघार घेणारे लोक विहिरीत सुरुंग पेरून जात, म्हणून पाणी काढण्याआधी दोर सोडून पाहावं लागे.

मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिले. कारण ही ओळ मी आधी वाचलेली होती. आठवीत असताना. मोठ्यानं.

दादाची पत्रं घरी यायची ती मी वाचून दाखवायची. आईला अक्षर येत नव्हतं, वडिलांना सहीपुरतं. फौजेतली पत्रं उघडून वाचली जातात म्हणून दादा मोजकं लिहायचा. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "इथं घरोघरी विहिरी आहेत. विहिरीत सुरुंग असतात. आमचं काम तेच असतं. दोर सोडायचं काम माझ्याकडं आहे."

आईनं विचारलं, "सुरुंग म्हंजी?"

आमचा भाग दुष्काळी. विहीर पाडताना खाली काळा दगड लागतो आणि तो फोडायला सुरुंग लावतात. दगडाला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, वर माती ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. सुरुंग या शब्दाचा दुसरा अर्थ मला कुठून माहीत असणार? मी वर्गात पहिली होते. मला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "आई, दादा तिथं विहिरी पाडतोय. लोकांना पाणी नाही म्हणून."

आई गिरणीत, टँकरपाशी, बाजारात, जिथं जाईल तिथं सांगत सुटली. "माझा ल्योक लंकेत हिरी पाडतोय." लोक चेष्टा करायचे, "लंकेत सोन्याच्या इटा म्हणत्यात, अन् तुमचा पाणीच काढतोय व्हय?" आई म्हणायची, "सोनं काय पिता येतंय?" तिला लढाईची भीती वाटत होती ती माझ्या वाचनानं गेली. त्या दोन वर्षांत ती नीट झोपली.

वडिलांनी त्याच सुमारास रानात विहीर काढायला घेतली. तीस फुटांवर पाषाण लागला तेव्हा त्यांनी काम थांबवलं. "थोरला येऊ द्या. आमच्यात जाणकार हाय." दादा सुट्टीवर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला विहिरीवर नेलं. सुरुंग लावणाऱ्या माणसानं भोकं भरून ठेवली होती. सात. वात पेटवायचा मान दादाचा.

तो नको म्हणाला. वडील म्हणाले, "तितं परक्यांच्या हिरी पाडल्यास, अन् हितं बापाची पाडंना व्हय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं होतं. हे मला आठवतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

तो उतरला, वाती पेटवून वर आला, आणि लिंबाखाली आमच्यात न थांबता आणखी लांब जाऊन पालथा पडला. आम्ही पोरं आवाज मोजत होतो. आमच्या रानामागे माळाची टेकडी आहे, प्रत्येक आवाज तिच्यावर आपटून परत यायचा. शेवटी सगळे ओरडलो, "सात!" मीही ओरडले. माणसं पाट्या, पहारी घेऊन उठली.

दादा म्हणाला, "सहाच झालं. एक ऱ्हायलाय."

सुरुंगवाला म्हणाला सात. वडील म्हणाले सात. अख्खी वस्ती म्हणाली सात. दादा विहिरीच्या तोंडाशी काठी घेऊन बसला आणि त्यानं कुणाला खाली उतरू दिलं नाही. पूर्ण सुट्टी तो तिथंच बसला. जाताना बाभळीच्या काटेरी फेसाट्या आणून विहीर झाकून गेला. सुरुंगवाला दुसऱ्या गावाला गेला, वडिलांनी पुढच्या वर्षी बोअर मारली, आणि विहीर अर्धी ती अर्धीच राहिली. लोक म्हणाले, लंकेचं वारं लागलं. फौजेतून कायमचा घरी आल्यावर दादानं विहिरीला बुटका कठडा बांधला, वर लोखंडी पत्रा बसवला आणि कुलूप लावलं.

एवढं कळल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप जुळत गेल्या. दादाला मेंढरांची कधीच आवड नव्हती. तरी आल्या आल्या त्यानं दहा मेंढरं घेतली आणि आजतागायत ठेवली आहेत. तो त्यांच्या पुढे कधी चालत नाही. रोज सकाळी डाळिंबाच्या बागेत जायच्या आधी मेंढरं आत सोडतो आणि ती जिथून गेली तिथूनच पाऊल टाकत मागून जातो. मेंढरं पाला खातात, फुटवे खातात. यावरून वहिनीचं आणि त्याचं वीस वर्षं भांडण. "बाग माणसांसाठी लावलीया का मेंढरांसाठी?" कपाटातल्या एका इंग्रजी पुस्तकात मला वाक्य सापडलं की संशयाच्या जमिनीवरून आधी गुरं हाकलत. पेन्सिलनं खूण करून ठेवली.

मला वाटलं, झालं. आपल्याला माणूस कळला.

या वर्षी एप्रिलमध्ये वहिनीचा फोन आला. मी कार्यालयात होते.

"वन्सं, बोर आटली. टँकरवर बाग जगत न्हाय. खालच्या अंगाची झाडं वाळाय लागल्यात. मी सुरुंगवाल्याला सांगितलंय, रविवारी येणार हाय. त्या हिरीला आनकी पंधरा फूट मारलं की पाणी हाय म्हणतोय."

"दादा काय म्हणतो?"

"त्ये म्हणत्यात, माणूस खाली उतरला तर त्याच्यासंगं मीबी उतरून बसतो. आता मी काय करू? तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकत्यात. तुमी या अन् त्यास्नी सांगा."

वहिनीची मागणी चुकीची नव्हती. बाग गेली तर दोघांचं म्हातारपण पेन्शनीवर आणि मेंढरांवर. मी शनिवारची रजा टाकली. चार पुस्तकं पिशवीत घातली, खुणेच्या पानांत कागदाच्या चिठ्ठ्या. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन काय बोलायचं ते मनात जुळवत गेले. सांगोल्यात उतरून रिक्षा केली. वहिनी दारात होती. "आलात व्हय? च्या पिऊन घ्या, मग लढाईला जावा."

दादा लिंबाखाली बसला होता. समोर पन्नास पावलांवर पत्र्यानं झाकलेली विहीर. मी पुस्तक उघडून फोटो पुढे केला. त्यानं चष्मा लावला.

"ह्यो मी न्हाय."

"माहीत आहे."

"पर पडलाय बरोबर." त्यानं पान उलटून मागं काय आहे ते पाहिलं, परत फोटोवर आला. "हे कुटं घावलं?"

"रद्दीत."

मग मी बोलले. तयारी केली होती, त्यामुळे न अडखळता बोलले. दोन ठिकाणी वाचूनही दाखवलं. लढाईहून आलेल्या माणसाच्या मनात तिकडची जागा राहते, ती इकडच्या जागेवर येऊन बसते, असं बऱ्याच पुस्तकांत आहे. मेंढरांचं सांगितलं. आडाचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "दादा, तुझ्या डोक्यात जो सुरुंग राहिलाय तो तिकडच्या विहिरीतला आहे. आपल्या नाही. तिकडचं तिकडं संपलं. माणसांना उद्या काम करू दे."

त्यानं फोटोचं पान मिटलं. मग चष्मा काढून माझ्या हातात पुस्तक परत दिलं.

"बारके, तू पुन्यांदा चुकीचं वाचलंस."

"पुन्हा म्हणजे?"

"आयला तूच सांगितलं व्हतंस न्हवं? मी हिरी पाडतोय म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"आलो त्याच दिशी. आख्खा गाव हिरी हिरी करत व्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"आय खुश व्हती. अन् तू आठवीत व्हतीस." तो विहिरीकडे बघत होता. "पुस्तकातलं खोटं न्हाय. लागलंय मला त्ये. मेंढरांचं बी खरं हाय. पर त्याचा अन् ह्याचा संबंद न्हाय. मी सात वाती पेटवल्या. मला मोजायची सवय व्हती, पोटासाठी मोजत व्हतो. सहा आवाज झालं. सातवा टेकडीचा व्हता."

"इतक्या वर्षांनी कशावरून सांगतोस?"

"तितं एकदा मी न्हाय म्हणालो व्हतो," दादा म्हणाला. "दोर सोडला, हिसका दिला, काय लागलं न्हाय. मी म्हणालो, न्हाय, जा. अन् व्हता. हितं हाय म्हणतोय तर कुणी ऐकंना."

खरं सांगायचं तर मला पटलं नाही. बारा वर्षं वाचून मी एका निष्कर्षाला आले होते आणि तो एका दुपारी सोडून देणं जड जात होतं. पण कुणाचा अर्ज न तपासता फेटाळायचा नाही, ही माझ्या नोकरीतली एकमेव शिकवण आहे. मी वहिनीला सांगितलं, उद्या माणूस खाली उतरायच्या आधी वरून बघायचं. एवढंच.

रविवारी सकाळी हा नवा सुरुंगवाला आला. कंप्रेसरचा ट्रॅक्टर, दोन माणसं, दोराची शिडी. तो अक्कलकोटकडचा, मराठीत कानडी हेल. मी सगळं सांगितल्यावर हसला. "अक्का, तीस वर्षं होऊन गेली की. माणसं ऱ्हात न्हाईत, दारू काय ऱ्हाते?"

"राहत नसेल तर बघायला काय जातंय?"

"तुमचं भाऊ घाबरलंय. फौजेतलं माणूस असून."

दादानं ऐकलं आणि कुलूप काढलं. पत्रा सरकवला. खाली गुडघाभर हिरवट पाणी, त्यात तेव्हाच्या सुरुंगांनी फुटलेल्या दगडांचा ढीग, न उचललेला. सुरुंगवाला कठड्यावर वाकून हसत हसत बघत होता. बघता बघता त्याचं हसू थांबलं.

"ह्या कोपऱ्याचं का फुटलं न्हाय?"

सगळीकडचा दगड फुटून खाली गेला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात मात्र कमरेइतका पाषाणाचा ओटा जसाच्या तसा उभा होता. गेली कित्येक वर्षं पत्र्याखाली झाकलेला. सुरुंग न कळणाऱ्या माणसाला तो नुसता दगड वाटला असता. सुरुंगवाल्यानं कंप्रेसरजवळच्या माणसाकडे न बघताच हात वर केला. "बंद कर ते. बंद कर!" ट्रॅक्टरची घरघर थांबली. तो हळू आवाजात म्हणाला, "तितं भोकच पाडलं नसंल बी. बघितल्याबिगर कळत न्हाय." पण त्याची माणसं चार पावलं मागे सरकलेली मी पाहिली. तोही सरकला.

दादानं चपला काढल्या.

मी त्याला अडवलं नाही. वहिनीही नाही. अडवणार कशाच्या जोरावर? आम्हीच तर कुणालातरी तिथं उतरवायला निघालो होतो.

त्यानं शिडी सोडली, दोराला हिसके दिले, थांबला, आणि मग उतरला. खाली कोपऱ्यात अंधार होता. "बारके, आरसा," तो आतून म्हणाला. वहिनी पळत जाऊन भिंतीवरचा आरसा घेऊन आली. मी कठड्याशी बसून त्यात ऊन पकडलं आणि खाली सोडलं. उजेडाचा चौकोन पाण्यावर, मग दगडावर, मग दादाच्या पाठीवर. "डावीकडं. खाली. आता हलवू नको." मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तो ओट्यापाशी वाकला. हात पाठीमागे बांधले होते, कशाला स्पर्श होऊ नये म्हणून. वरून त्याचं टक्कल आणि मान तेवढी दिसत होती. टिटवी ओरडत होती. वहिनी माझ्यामागे काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं, ती एक दोन तीन मोजत होती.

"हाय," दादा म्हणाला.

वहिनीचं मोजणं थांबलं.

"माती ठासल्याली हाय. वातीचं टोक हाय. जळून मधीच इजलीया. आता कुणी कठड्यापाशी थांबू नका. मी येतो."

तो वर आला. हे लगेच सांगते, कारण असली पुस्तकं वाचणाऱ्यांना त्याचीच चिंता असते. तो वर आला, चपला घातल्या, पाणी मागितलं. सुरुंगवाला त्याच्या पाया पडायला वाकला तर दादा मागे सरला. "माज्या न्हाय, त्या टेकडीच्या पड. तिनं सगळ्यास्नी फसवलं." मग आपल्या माणसांकडे बघून तो सुरुंगवाला म्हणाला, "हिथं पहिली पहार मी मारणार होतो," आणि ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला.

अर्ज लिहायचं काम अर्थातच माझं. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेले. तिथला हवालदार सभ्य होता. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "बाई, सुरुंग म्हणजे नक्की कुठला? विहिरीचा का लढाईतला? पथक त्याप्रमाणं मागवावं लागंल."

दादा माझ्या शेजारी बाकड्यावर बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"विहिरीचा," मी म्हणाले. "कंसात तसं लिहा. नाहीतर कुणीतरी चुकीचं वाचेल."

दुसऱ्या दिवशी दोन पोलीस येऊन बघून गेले. विहिरीभोवती दोर बांधला, पाटी लावली. तालुक्याला असलं पथक नसतं, ते बाहेरून येतं. येईल म्हणाले आहेत. हे लिहितेय तेव्हा जून लागला आहे आणि अजून आलेलं नाही. बागेतली खालच्या चार ओळींची झाडं गेली. वरची टँकरवर आहेत.

रद्दीवाल्याचा मागच्या आठवड्यात फोन आला होता, कुण्या निवृत्त माणसाचं कपाट आलंय, सगळं लढायांचं. मी अजून गेलेले नाही. जाईनही. पण आता एक पुस्तक वाचून मी दुसऱ्या कुणाबद्दल काही ठरवणार नाही.

मध्ये एकदा वस्तीवर जाऊन आले. सकाळी उठले तर दादा ओसरीवर चहा पीत होता, निवांत, आणि मेंढरं बागेकडे निघाली होती. त्यांना वहिनी हाकत होती. वीस वर्षं याच मेंढरांवरून भांडलेली वहिनी. बागेच्या तोंडाशी तिनं फाटक उघडलं, सगळी मेंढरं आत जाऊ दिली, ती पार पलीकडच्या बांधापर्यंत पोचेतो उभी राहिली.

"पाला खातील की," मी म्हणाले.

"खाऊ द्या," वहिनी म्हणाली. मग लुगडं वर खोचून मेंढरांच्या खुरांच्या ठशांवर पाय ठेवत आत गेली. "वन्सं, तुमी माज्या मागनं या. बाजूनं नगा."

मी तिच्या मागून गेले.